९९ रुपयांची तक्रार कुणाकडे करायची? महाराष्ट्रातल्या ३६ जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी महोदया आणि महोदय,

स. न. वि. वि.

मी बार्शीचा. टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. दर शनिवारी दुपारी ३ ते ५ इथल्या एका वाचनालयाच्या ओट्यावर बसतो आणि ग्राहक म्हणून ज्यांची कुठे अडवणूक झाली असेल त्यांचे अर्ज लिहून देतो. सुरुवात गॅसच्या नोंदणीपासून आणि वीजबिलांपासून झाली. तेव्हा लोक पिशवीत कागद घेऊन यायचे. गेली चार-पाच वर्षं लोक मोबाइल घेऊन येतात, तो माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "बघा बरं काय झालंय."

हे पत्र त्या मोबाइलबद्दल आहे, आणि तुमच्या एका अधिकाराबद्दल आहे. अनेक ग्राहकांचं एकसारखं नुकसान होत असेल तर त्याची चौकशी करण्याचा तो अधिकार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम १६ ने तो तुम्हाला दिला. कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. तो अधिकार वापरात आलेला मला माझ्या ओट्यावरून अजून दिसलेला नाही, आणि तो वापरला जावा एवढंच मागणं घेऊन मी लिहितो आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. चार घरी स्वयंपाकाचं काम करतात. पासबुक भरून आणलं होतं आणि त्यातल्या काही ओळींवर पेनाने खुणा केल्या होत्या. दर महिन्याच्या ७ तारखेला ९९ रुपये. अकरा वेळा. म्हणजे १,०८९ रुपये. मुलीच्या अभ्यासासाठी एक ॲप घेतलं होतं, पहिले सात दिवस एका रुपयात. एक रुपया भरला, मुलीला काही ते आवडलं नाही, म्हणून आठवड्याच्या आत ॲप काढून टाकलं. ॲप गेलं, पण मागे ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू राहिलं. ॲप काढलं की पैसे कापणंही थांबतं, अशी त्यांची समजूत होती. तशी समजूत होणं साहजिकच आहे. दूधवाल्याला "उद्यापासून नको" म्हटलं की रतीब बंद होतो, हाच आपला जन्माचा अनुभव.

मी विचारलं, इतके महिने का थांबलात? त्या म्हणाल्या, "माझंच बोट लागलं असंल, काका. कुणाला सांगायचं?"

"बोट लागलं." हे शब्द मी आता इतक्या जणांकडून ऐकले आहेत की माझ्या वहीत त्यांची एक वेगळी खूण आहे. कुणी रेल्वेचं तिकीट काढताना विमा घेतला, कुणाच्या ऑर्डरमध्ये न मागितलेली वस्तू आली, कुणाचा एकरकमी व्यवहार हप्त्यांवर गेला. प्रत्येक जण आधी स्वतःलाच दोष देतो. पूर्वी दुकानदाराने मापात मारलं की गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून भांडायचं. आज फसवला गेलेला माणूस खाली मान घालून येतो आणि हळू आवाजात बोलतो, कारण समोर फसवणारा कुणी दिसतच नाही. दिसतं ते स्वतःचं बोट.

त्या बाई गेल्यावर मी वही चाळली. त्याच ॲपचं नाव आधी तीन ठिकाणी होतं. एक वैरागचा विद्यार्थी, एक पांगरीचे किराणा दुकानदार, एक गावातल्याच निवृत्त शिक्षिका. चौघांची एकमेकांशी ओळख नाही. शिक्षणात, वयात, परिस्थितीत काही साम्य नाही. मग चौघांचंही बोट एकाच जागी कसं लागलं? मी स्वतः ते ॲप उघडून पाहिलं. "चालू ठेवा" हे बटण ठळक, पिवळं, अंगठ्याच्या अगदी खाली. सात दिवसांनंतर दरमहा ९९ रुपये कापले जातील ही ओळ त्याच्या खाली, फिकट करड्या रंगात, इंग्रजीत. बंद करण्याची सोय पाच पडदे ओलांडल्यावर, आणि प्रत्येक पडद्यावर "खरंच सोडून जाणार?" असा प्रश्न. त्यांचं बोट चुकून लागलेलं नव्हतं. ते तिथे लागावं अशीच ती मांडणी होती.

या मांडणीला कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पडद्यावरच्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून ते मना केले. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, बातमीच्या रूपात जाहिरात दाखवणं, असे ते प्रकार. त्याच्याही आधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाच्या वतीने आधीच टिक करून ठेवलेले चौकोन चालणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं होतं. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत निवारण करावं, हेही त्याच नियमांत आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतः करून घ्यायला सांगितलं. नियम चांगले आहेत. लिहिणाऱ्यांना पडद्यामागचं कळलं होतं, हे त्यातल्या शब्दाशब्दांतून दिसतं. माझी अडचण पुढची आहे. हे नियम दिल्लीत आहेत, आणि ९९ रुपये कापले जातात वैरागमध्ये.

त्या बाईंचं काय झालं, तेही सांगतो. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून दिला. मराठीत बोलता येतं, ही फार मोठी सोय आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तक्रार नोंदली गेली, तिचा क्रमांक मिळाला, आणि तीन आठवड्यांच्या आत सगळे १,०८९ रुपये खात्यात परत आले. बाई पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला, पण तो गोड लागला नाही. वहीतल्या बाकीच्या तिघांपैकी दोघांनी "जाऊ द्या, ९९ रुपयांसाठी कुठे" म्हणून विषय सोडून दिला होता. आणि ते पिवळं बटण दुसऱ्या दिवशीही जागच्या जागी होतं. जो तक्रार करतो त्याचे पैसे मुकाट्याने परत करायचे आणि बाकीच्यांचे ठेवून घ्यायचे, हा हिशेब कंपनीला परवडतो. आपली तक्रार निवारणाची व्यवस्था जितकी तत्पर होईल तितका तो हिशेब सुखाने चालतो, कारण जो ओरडला असता त्याचं तोंड लवकर बंद होतं. हे मी हेल्पलाइनला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तिचं काम एकेका माणसाचं आहे आणि ती ते करते. पण हे दुखणं एकेकाचं नाही.

टपाल खात्यातली एक गोष्ट इथे आठवते. नव्वदच्या दशकात व्ही. पी. ची पार्सलं फार यायची. रेडिओवर, साप्ताहिकांत जाहिराती असायच्या, घड्याळ अमुक रुपयांत, कॅमेरा तमुक रुपयांत. पोस्टात पैसे भरायचे आणि पार्सल सोडवायचं. कधी कधी आत चिंध्या निघायच्या, कधी विटेचा तुकडा. लोक काउंटरवर येऊन रडकुंडीला यायचे. पण एक गोष्ट होती. त्या सगळ्यांचं पार्सल एकाच खिडकीतून जात होतं. एकाच पत्त्यावरून आलेल्या तीन-चार पार्सलांबद्दल तीच तक्रार आली की ते आमच्या लक्षात यायचं, आम्ही वरच्या कार्यालयाला लिहायचो, आणि पुढच्या पार्सलाच्या वेळी पोस्टमन दारातच सांगायचा, "आजी, हे घेऊ नका." चार वेगवेगळी दुःखं एका ठिकाणी येऊन पडत होती, म्हणून ती चार नसून एक आहेत हे कळत होतं.

आज ती खिडकी राहिलेली नाही. खरेदीच्या सवयीत जो खरा बदल झाला आहे तो मला हा वाटतो. लोक ऑनलाइन घेतात, यूपीआयने पैसे देतात, ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, हे सगळं खरं आणि त्यात वाईट काही नाही. माझी बायकोही गुडघ्याचा पट्टा घरबसल्या मागवते. बदल असा, की खरेदी एकट्याने होऊ लागली. पेठेत ज्वारीचा भाव एकच असायचा आणि तो सगळ्या पेठेला ठाऊक असायचा. साडी घ्यायला गेलं की शेजारची बाई म्हणायची, "मी कालच पन्नास कमी देऊन नेली." त्या एका वाक्यात ग्राहक संरक्षण होतं. आज माझ्या मोबाइलवर काय भाव दिसतो आणि शेजाऱ्याच्या मोबाइलवर काय, हे आम्हा दोघांनाही माहीत नसतं. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोन कंपन्यांना, फोन कोणत्या बनावटीचा आहे यावरून भाडं वेगळं दाखवलं जातं का, अशी विचारणा करणाऱ्या नोटिसा काढल्या होत्या. कंपन्यांनी तसं काही करत असल्याचा इन्कार केला. खरं-खोटं तपासणारे तपासतील. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की असा प्रश्न पेठेत कधी उठलाच नसता. तिथे दोन गिऱ्हाइकं एकमेकांच्या शेजारी उभी असायची.

या राज्यात ग्राहक चळवळीची सुरुवात माणसं शेजारी शेजारी उभी करण्यातूनच झाली होती. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे घराघरांचे छोटे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवला जाई आणि आपापसांत वाटून घेतला जाई. एकटं घर व्यापाऱ्यापुढे काहीच नाही, वीस घरं मिळून काहीतरी आहेत, ही साधी गोष्ट त्या माणसांना कळली होती. १९८६ चा कायदा आला तो त्यानंतर. २४ डिसेंबर १९८६ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तुमच्या कार्यालयांत त्या दिवशी ग्राहक दिन साजरा होतो.

पण कायद्याने माणसाला हक्क दिला तो एकट्याने भांडण्याचा. फ्रीज बिघडला, बिल्डरने ताबा दिला नाही, विमा नाकारला, की जिल्हा ग्राहक आयोगात जा. यात खोट काढण्यासारखं काही नाही. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तर ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वकील लागतोच असं नाही. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कलम ३८ सांगतं. प्रत्यक्षात किती वेळ लागतो, ते ज्यांनी तारखा केल्या त्यांना विचारा. जागा रिकाम्या राहिल्या की आयोग रिकामे राहतात. सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये या रिक्त जागांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नेमणुकांच्या नियमांतल्या काही तरतुदी रद्द केल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या विषयावर बोलणारे अधिकारी लोक आहेत, मी इथे थांबतो. आयोग उद्या सगळ्या जागा भरून पूर्ण ताकदीने चालू लागला, तरीही ९९ रुपयांसाठी बार्शीहून ७० किलोमीटरवर सोलापूरला कोण जाईल? एका तारखेला एक दिवसाचा रोज बुडतो. स्वयंपाकाच्या बाईंची चार घरं एका दिवसासाठी उपाशी राहत नाहीत, दुसरी बाई शोधतात.

रकमा लहान आहेत हा योगायोग नाही. ४९, ९९, १४९, १९९. माणूस भांडायला उठणार नाही इतक्या लहान, आणि लाखो खात्यांतून काढल्या की प्रचंड होतील इतक्या मोठ्या. बँकेचा आदल्या दिवशीचा संदेश येतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवायचं. तो येतो इंग्रजीत, कर्जाच्या आणि लॉटरीच्या दहा संदेशांच्या मध्ये. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. एकदा दिलेली संमती पुढे वर्षानुवर्षं चालते. आणि ती संमती पिवळ्या बटणावर घेतलेली असते.

आता कलम १६ कडे येतो.

हे कलम म्हणतं की ग्राहकांच्या हक्कांचा भंग, अनुचित व्यापारी प्रथा किंवा खोट्या जाहिराती यांच्यामुळे ग्राहकांच्या समूहाचं नुकसान होत असेल, तर जिल्हाधिकारी तक्रारीवरून आपल्या हद्दीत चौकशी करू शकतात आणि अहवाल केंद्रीय प्राधिकरणाला पाठवू शकतात. कलम १७ म्हणतं, अशी तक्रार लेखी किंवा ईमेलने तीन ठिकाणी करता येते, आणि त्या तिघांमध्ये पहिलं नाव जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. प्राथमिक चौकशीत तथ्य दिसलं की कलम १९ खाली तुमच्याकडे तपास येऊ शकतो. आणि अशा तपासात कलम २२ तुम्हाला जागेत शिरून कागदपत्रं आणि नोंदी तपासण्याचे, ताब्यात घेण्याचे आणि हजर करायला लावण्याचे अधिकार देतं.

मी हे कलम वाचलं तेव्हा मला आमची पोस्टातली खिडकी आठवली. संसदेने ती खिडकी पुन्हा उघडली आहे आणि तिथे तुम्हाला बसवलं आहे.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नोंदी मागण्याचं बळ. माझ्या वहीत तेव्हा चार नावं होती. खरं किती जणांचे पैसे गेले, हे फक्त त्या कंपनीला माहीत आहे. मी विचारलं तर ती सांगणार नाही. स्वयंपाकाच्या बाईंनी विचारलं तर मुळीच सांगणार नाही. सरकारी अधिकाराने विचारलं तर सांगावं लागतं. प्राधिकरणाने २०२२ मध्ये ॲमेझॉनवर विकल्या गेलेल्या, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र नसलेल्या प्रेशर कुकरबद्दल आदेश दिला. असे २,२६५ कुकर विकले गेले होते. त्या विक्रीतून कंपनीला कमिशनपोटी सुमारे ६ लाख १४ हजार रुपये मिळाले होते. दंड १ लाखाचा, पण त्याहून महत्त्वाचा भाग पुढे होता. त्या सगळ्या २,२६५ ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा. यातल्या एकाही गृहिणीला, आपल्यासारख्या आणखी २,२६४ जणी आहेत हे स्वतःहून कधी कळलं असतं का? त्यातल्या बहुतेकींना आपला कुकर प्रमाणित नाही हेसुद्धा माहीत नसणार.

दुसरं उदाहरण मोबाइलवरून बाइक-रिक्षा मागवायच्या रॅपिडो या ॲपचं, ऑगस्ट २०२५ मधलं. पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये, अशी जाहिरात होती. १२० हून अधिक शहरांत ती दीड वर्ष चालली. प्रत्यक्षात मिळत होती ती जास्तीत जास्त पन्नास "नाणी", सात दिवसांत संपणारी आणि फक्त बाइकच्या फेरीला चालणारी. प्राधिकरणाने १० लाखांचा दंड केला आणि ज्यांना ते ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना ते द्यायला सांगितले. पन्नास रुपये! पन्नास रुपयांसाठी देशातला एकही माणूस आयोगात गेला नसता. समूह म्हणून पाहिल्यावर त्याच पन्नास रुपयांची किंमत झाली.

म्हणजे हत्यार चालतं, हे सिद्ध झालं आहे. पण प्राधिकरण दिल्लीत बसून १२० शहरांतली जाहिरात पाहू शकतं. बार्शीच्या आठवडी बाजारात, मोबाइलवर एका नटाचा बनावट चेहरा लावून विकलं जाणारं गुडघेदुखीचं तेल त्याला दिसणार नाही. ते तुमच्या तालुक्यातून वर गेलं तरच दिसेल.

तुमच्या बाजूने काय म्हणाल, याचा मी विचार केला आहे. टेबलावर टंचाई आहे, पीकविमा आहे, भूसंपादन आहे, निवडणुका तर संपतच नाहीत. त्यात हे कुठे बसवायचं? ही अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. दुसरा आक्षेप हद्दीचा. कंपनी गुरुग्राममध्ये, तिचा सर्व्हर आणखी कुठे, सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी काय करायचं? पण नुकसान झालं ते वैरागच्या खात्यातून, आणि वैराग तुमच्याच हद्दीत आहे. पैसे परत करा असा आदेश काढण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर टाकलेली नाही, ती प्राधिकरणाची. तुमच्याकडून हवा आहे तो अहवाल. इतक्या लोकांनी, इतक्या गावांतून, याच एका गोष्टीबद्दल तक्रार केली आहे, आम्ही पाहिलं, तथ्य आहे, एवढं सांगणारा. तुमच्या सहीचा तसा कागद दिल्लीत पोचणं आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाचं पत्र पोचणं, यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ही पद्धत तुम्हाला नवी नाही. सोयाबीन उगवलं नाही की काय होतं? शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज देतो, तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येते, पंचनामा होतो, लॉट नंबर लिहिला जातो. त्याच लॉटचं बियाणं आणखी कुठे पेरलं गेलं ते बघितलं जातं. २०२० च्या खरिपात राज्यात अशा तक्रारींचा पूर आला होता. शेतकरीही ग्राहकच आहे, आणि पेरून टाकलेल्या बियाण्याचा नमुना त्याने तपासणीसाठी राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं आहे. मोबाइलवरच्या फसवणुकीतही तसंच घडतं. पडदा पुढे सरकला की पुरावा गेला. स्क्रीनशॉट काढून ठेवायचं कुणाला सुचतं? तिथेही लॉट नंबर आहे, तो म्हणजे ॲपचं नाव आणि खात्यात दिसणारं कपातीचं नाव. पंचनाम्याला बांधावर जायचीही गरज नाही. पासबुकाची एक ओळ पुरते.

मला काय हवं आहे ते नेमकं सांगतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुमच्याकडे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. तिथे एक वेगळी नोंदवही ठेवा, नाव काहीही द्या. तिच्यात चार रकाने पुरेत. गाव, कंपनीचं किंवा ॲपचं नाव, रक्कम, कसं कापलं गेलं. अर्जाचा नमुना नको, प्रतिज्ञापत्र नको, आधारची प्रत नको. एकाच नावापुढे ओळी साचू लागल्या की कलम १६ ची चौकशी सुरू करा. किती ओळी साचल्यावर, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते दहा खूप झाल्या.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे तुम्ही अध्यक्ष आहात. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. त्या बैठकांत गॅस सिलिंडरचं वजन, पेट्रोलपंपावरची हवा, रस्त्यावरच्या वाहतुकीचे प्रश्न निघतात. निघू द्या. पण त्यातल्या एका बैठकीत ही नोंदवही टेबलावर असू द्या, आणि तिच्यातलं काय वर पाठवलं, काय नाही आणि का, हे इतिवृत्तात लिहिलं जाऊ द्या. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या अधिकाऱ्यालाही बोलवा. कुठल्या नावाने सर्वांत जास्त ऑटोपे चालू आहेत हे बँकांना दिसतं. खातेदारांची नावं न सांगताही तेवढं सांगता येतं.

आणि बचत गटांना यात घ्या. गावात आज एकमेकींच्या शेजारी बसून पैशाबद्दल बोलणाऱ्या कुणी असतील तर त्या याच बायका. महिन्याच्या बैठकीत हप्ता लिहून झाला की प्रत्येकीने मोबाइलमधली ऑटोपेची यादी उघडायची आणि नको असलेलं बंद करायचं, एवढं जरी ठरलं तरी फार पैसे वाचतील. मी आमच्या आळीतल्या एका गटात हे करून पाहिलं. बारा जणी होत्या. पाच जणींच्या मोबाइलमध्ये त्यांना माहीत नसलेली कपात चालू होती. एकीच्या मोबाइलमध्ये तिच्या दिवंगत नवऱ्याने सुरू केलेलं क्रिकेटचं सबस्क्रिप्शन होतं. ते बंद करायचं का, असं मी विचारलं. तिने खूप वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाली, करा. त्या पाचांपैकी तिघींच्या कपातीचं नाव एकच निघालं. तेव्हा खोलीत जो आवाज झाला तो मला अजून आठवतो. "तुझं पण? अगं, तुझं पण?" त्या दिवशी एकीनेही बोट लागल्याचं म्हटलं नाही.

२४ डिसेंबरच्या कार्यक्रमाबद्दल एक विनंती. वैध मापन शास्त्र, अन्न व औषध प्रशासन, गॅस एजन्सी यांचे स्टॉल असतात, शाळेच्या मुलांची फेरी असते. मी दर वर्षी जातो. या वर्षी व्यासपीठावरून एवढं एकच जाहीर करा, की आमच्या जिल्ह्यात कलम १६ खाली वर्षभरात इतक्या तक्रारी आल्या आणि इतके अहवाल पाठवले. आकडा शून्य असला तरी सांगा. पुढच्या वर्षी तो शून्य राहणार नाही.

सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहितो. लोकशाही दिनासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, तो मी काल टपालाने पाठवला आहे, पोचपावतीसह. अर्ज माझ्या एकट्याचा नाही. वैराग, पांगरी आणि बार्शी मिळून सतरा जणांच्या सह्या आहेत, प्रत्येकाच्या पासबुकातल्या त्या ओळीच्या प्रतीसह, आणि सतरा ओळींत कपातीचं नाव एकच आहे. पहिली सही स्वयंपाकाच्या बाईंची आहे. त्यांचे पैसे तर परत आले आहेत, मग कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचे कुठं आलेत?

पहिल्या सोमवारी सकाळी पावणेसातच्या एसटीने आम्ही निघतो आहोत. त्यांनी चारही घरी सुट्टी सांगितली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
बार्शी, जि. सोलापूर